पालथ्या होडीवरचे खड्डे

१

होडीला देवी आल्या होत्या. याहून बरा शब्द मला सुचत नाही. गॅरेजच्या शेडमध्ये लाकडी घोड्यांवर ती पालथी ठेवलेली, अंगावर नवाकोरा पांढरा रंग, आणि पुढच्या टोकापाशी मोहरीएवढे, वाटाण्याएवढे खड्डेच खड्डे. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी खालचा राखाडी प्रायमर दिसत होता. रंग तिथं बसलाच नव्हता, अंग चोरून बाजूला सरकला होता.

आणि हे बघायला मला दुपारच्या झोपेतून उठवून आणलं होतं.

मी द्वारका. विमा कंपनीत मोटर सर्व्हेअर होते. म्हणजे ठोकलेली गाडी बघायची आणि मालक किती खोटं बोलतोय ते लिहून द्यायचं. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले बाई. कसली सुटते? आमचे धाकटे दीर सोमनाथ यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज पुंडलिकनगरात आमच्या घराला लागूनच आहे. तिथं पाना हरवला तरी वहिनीला हाक मारतात.

आता कुणी विचारेल, आपल्याकडं होडी कुठून आली. मीही तेच विचारलं होतं. नळाला पाणी आठवड्यानं येतं आणि आमच्या दारात होडी. ती सर्जेरावांची. सोयगावकडचे बागाईतदार. गावच्या तलावात त्यांनी मासे सोडलेत, म्हणून कोकणातून कुणाची तरी जुनी फायबरची होडी उचलून आणली. हिरवी, पापुद्रे सुटलेली. शहरातल्या एकाही गॅरेजवाल्यानं तिला हात लावला नाही. आमच्या भाऊजींना मात्र कुणाला नाही म्हणता येत नाही, हा त्यांचा जुना आजार. चाकं नसलेली गाडीच समजायची, असं मला समजावून त्यांनी ती शेडमध्ये घेतली.

काम केलं सम्यकनं. सम्यक म्हणजे गॅरेजचा पेंटर. निम्मी गिऱ्हाइकं त्याच्या हातासाठी येतात, हे भाऊजी स्वतःच सांगत फिरतात. त्यानं होडी खरवडली, भेगा भरल्या, प्रायमर मारला, पाणी लावून पॉलिश-पेपरनं घासून तिला गुळगुळीत केलं. मग दसऱ्याला सुटी घेऊन तो घरच्यांसोबत नागपूरला, दीक्षाभूमीला गेला. आज सकाळी परत आला आणि पांढरा रंग मारला. दुपारी हे असं.

भाऊजींनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल देऊन टाकला होता. सम्यकनं मुद्दाम केलं. सुटीवरून दोघांची बाचाबाची झाली होती, त्याचा हा सूड. संध्याकाळी त्यानं शेडची चावी ठेवायची आणि जायचं. एवढ्यावर थांबतील तर ते भाऊजी कसले. शहरातल्या इतर गॅरेजवाल्यांना ते फोन लावत सुटले होते. सम्यकच्या हातात पुन्हा कुणी स्प्रे गन द्यायची नाही, असं माझ्यासमोरच दोघांना सांगून झालं.

सम्यक पाण्याच्या टाकीपाशी उभा होता. काही बोलत नव्हता. आमच्या भाऊजींना गप्प बसलेला माणूस म्हणजे गुन्हेगार वाटतो.

मी विचारलं, तुम्ही त्याला करताना पाहिलं का? नाही. दुसऱ्या कुणी पाहिलं? नाही.

"पण वहिनी, त्याच्याशिवाय दुसरं कोण करणार?"

हे वाक्य मी नोकरीभर ऐकलंय. बोलणाऱ्याला बऱ्याचदा काहीतरी ठाऊक असतं आणि ते आठवायची त्याची तयारी नसते. मी पदर खोचला आणि भाऊजींना म्हणाले की आधी तो फोन खिशात घाला. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश आहे.

२

सम्यकला मी बाहेर लिंबाच्या सावलीत नेलं. ऑक्टोबरची काहिली, झाडाखालीही जीव नकोसा झालेला.

भांडण झालं हे त्यानं लपवलं नाही. सर्जेरावांना होडी दसऱ्याच्या मुहूर्तावर पाण्यात सोडायची होती. भाऊजींनी नेहमीप्रमाणे शब्द देऊन टाकला. पण प्रायमर आतून पुरता वाळलेला नव्हता. ओल्या प्रायमरवर रंग मारला तर पहिल्याच महिन्यात पापुद्रा सुटेल, म्हणून सम्यक अडून बसला. वर त्याची सुटी. ऐन सणाला सुटी कसली मागतोस, असं भाऊजी चारचौघांत म्हणाले. तो माझाही सण आहे दादा, असं तो म्हणाला. मग एकाचे दोन झाले. जाताना सम्यक चिडून बोलून गेला की मी येईपर्यंत होडीला कुणी हात लावायचा नाही, लावला आणि रंग फुटला तर माझ्या नावानं ओरडायचं नाही.

भाऊजी याला धमकी म्हणत होते. मला तर ती साधी सूचना वाटली. पण रागात दिलेली सूचना कोण ऐकतंय?

मग मी त्याला आज सकाळचं विचारलं. रंग मारण्याआधी होडी थिनरनं पुसली होती का?

तो म्हणाला, "आज नाही पुसली. जायच्या आदल्या संध्याकाळी सगळी पुसली होती. आज नुसती हवा मारली, कोरडं फडकं फिरवलं. मी दादाला विचारलं होतं मॅडम. कुलूप उघडलं होतं का मध्ये? दादा म्हणाले, खंडेनवमीची पूजा करून लावलं ते आज तुझ्यासमोरच उघडलं. मग परत कशाला पुसायची?"

"आणि रंग कुठं फुटला?"

"मागून सुरुवात केली. सगळी छान आली. टोकापाशी पोचलो आणि रंग पळायला लागला. तेल असलं की पळतो तसा."

शेडमध्ये तारेवर एका स्कूटरचं पुढचं मडगार्ड टांगलेलं होतं. तेही पांढरंच. तेही त्यानं सुटीआधी घासून, पुसून होडीशेजारीच टांगून ठेवलं होतं. आज सकाळी होडीच्या आधी त्यानं ते मारलं. तीच गन, तोच कंप्रेसर, त्याच डब्यातला रंग. मी चष्मा लावून ते उलटसुलट बघितलं. एक ठिपका नव्हता. त्यात माझं वैतागलेलं तोंड मला स्वच्छ दिसलं.

म्हणजे कंप्रेसरच्या हवेत तेल नव्हतं. गन स्वच्छ होती. रंग चांगला होता. खोट होडीच्या अंगावर होती आणि ती सम्यक गेल्यानंतर लागली होती. नाहीतर तो खोटं बोलत होता.

मी हे मनाशी जुळवत होते, तेवढ्यात शेडच्या कोपऱ्यात कृष्णा पायानं एक डबा बाकाखाली सरकवताना दिसला.

३

कृष्णा हा भाऊजींचा मेहुणा. तिशीचा घोडा. गॅरेजमध्ये धुलाई आणि पॉलिशचं काम बघतो, आणि कधीतरी आपल्याही हातात गन येईल म्हणून सम्यकच्या मागं मागं असतो. मी बाकाखालून डबा काढला. गाडीचा डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉनचा स्प्रे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पेंटरला साप चालेल, पण हा डबा चालत नाही. याचा नुसता फवारा हवेत उडून पत्र्यावर बसला तरी वरचा रंग फुटतो. थेट असे खड्डे पडतात. सम्यकनं हा डबा शेडमध्ये आणायला बंदी केली होती.

"ताई, मी शेडमध्ये मारलाच नाय," कृष्णा म्हणाला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "एकदाच मारला. नवमीला. दोस्ताची गाडी होती, पूजेला चमकवून दे म्हणला. दो मिनिट का काम था."

आता खरी गंमत बघा. माझ्यामागं भाऊजी उभे होते. मला वाटलं, आता कृष्णाची काही धडगत नाही. भाऊजींनी डबा बघितला, कृष्णाकडं बघितलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. चुकून झालं असेल म्हणाले. पोरगं आहे, मुद्दाम थोडंच करेल.

माझं डोकं असं सणकलं की विचारू नका. सम्यकवर संशय आला तर सूड, आणि मेहुण्याच्या हातात डबा सापडला तर चूक. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते टाकीच्या नळाकडं बघत राहिले. टाकीपाशी सम्यक उभाच होता. त्यानंही ते ऐकलं.

पण कृष्णा सापडला म्हणून मी टाळ्या पिटणार नव्हते. फवारा हवेतून उडतो तेव्हा जागा बघून बसत नाही. होडीभर बसला असता. शेजारच्या मडगार्डावर बसला असता. इथं मडगार्ड चकाचक, होडीची पाठ चकाचक, आणि टोकाला एकाच अंगाला, जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत खड्डे.

मी टॉर्च मागवला आणि खाली बसून तिरका उजेड मारला. गुडघे कुरकुरले, पण कष्टाचं चीज झालं. खड्डे वाटेल तसे नव्हते. ते अर्धगोल ओळींत होते. एक अर्धगोल, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. रोज ओटा पुसणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. तिथं कुणीतरी फडकं फिरवलं होतं आणि फडक्याला तेल होतं.

ज्याला सूड घ्यायचा आहे तो अख्खी होडी तेलकट करेल. एक ताटभर जागा नीट पुसून घेईल कशाला? ही जागा बिघडवायला पुसलेली नव्हती. स्वच्छ करायला पुसलेली होती. तिथं आधी काहीतरी लागलं होतं.

काय लागलं होतं, ते मला त्या घडीला कळेना. मी भाऊजींना पुन्हा विचारलं, नवमीनंतर कुलूप उघडलं होतं का? नाही, असं ते म्हणाले. फार पटकन म्हणाले. तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली आणि सर्जेराव उतरले.

४

त्यांना भाऊजींनीच फोन करून बोलावलं होतं. सोबत त्यांच्या पत्नी भामाबाई होत्या. सर्जेरावांनी होडी बघितली, डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, आणि मग जे सुरू झाले ते थांबेनात. लई विश्वासानं दिली होती. गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय. मुहूर्त तर गेलाच, आता ही कळा. कुणी केलं त्याचं नाव सांगा, पोलिसात देतो.

भाऊजींनी सम्यककडं बोट दाखवलं. एवढं सगळं माझ्याकडून ऐकून झाल्यावर. मला त्या बोटाचा इतका संताप आला की मी मध्ये जाऊन उभी राहिले.

सर्जेराव सम्यकवर चालून गेले. "अरे, कशी झाली व्हती ती," ते म्हणाले. "राखाडी, गुळगुळीत. हात ठेवला तर घसरत व्हता. तिचं तू हे करून ठेवलंस व्हय?"

सम्यक पहिल्यांदा जागचा हलला. त्यानं सर्जेरावांकडं रोखून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

मी सर्जेरावांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की होडी इथं टाकल्यापासून मधे कधी बघायला आला होता का. ते एकदम सावध झाले. भाऊजींकडं एक नजर टाकली. मग म्हणाले की कुठं येतंय, एवढ्या लांबून. टाकून गेलो ते आजच आलो.

पुरुषांचा आरडाओरडा ऐकून भामाबाई अवघडून गेल्या होत्या. सारखा पदर सावरत होत्या. म्हटलं यांना तरी इथून काढावं. मी त्यांना घरी घेऊन आले. आमचे हे सोफ्यावर पेपर तोंडावर घेऊन घोरत होते. जगबुडी आली तरी या माणसाची झोप मोडणार नाही. मी चहा ठेवला.

भामाबाई पहिल्यांदाच घरी आलेल्या, म्हणून मी त्यांना हळद-कुंकू लावायला करंडा काढला. त्याचं झाकण घट्ट बसलेलं. ओढलं तसं निम्मं कुंकू टीपॉयवरच्या पांढऱ्या भरतकामाच्या रुमालावर. माझ्या लेकीनं केलेला रुमाल. मी कपाळावर हात मारला आणि ओलं फडकं आणायला उठले.

भामाबाईंनी माझा हात धरला. "पाणी नका लावू ताई, पसरंल. तेलाचं बोट फिरवा. तेलानं कुंकू बघा कसं उचलून येतंय."

मी तशीच उभी राहिले. गॅसवर चहा उतू गेला. त्यांना वाटलं, मला रुमालाचं फार लागलंय. मी गॅस बंद केला आणि म्हणाले, चला भामाबाई, आपल्याला गॅरेजमध्ये जायचंय.

५

मी सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं आणि भाऊजींना सांगितलं की आता मधे तोंड घालायचं नाही.

गेली कितीतरी वर्षं या गॅरेजमध्ये खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. गनला, कंप्रेसरला हळद-कुंकू लागतं. कधी कुठला रंग फुटला नाही. मग याच वर्षी का? कारण दसऱ्याला गॅरेजमध्ये गाडीच नसते. प्रत्येक गिऱ्हाईक आपली गाडी कशीही असो, बंपर दोरीनं बांधून का होईना, पूजेसाठी घरी नेतं. शेड रिकामी होते. या वर्षी पहिल्यांदा एक वाहन मागं राहिलं. होडीला चाकं नाहीत आणि सोयगाव जवळ नाही. ती पूजेला घरी जाऊ शकत नव्हती.

मग तिच्या मालकानं काय केलं असेल? नवं वाहन, पहिला दसरा. तो घरी बसून राहील का? तो पूजेचं ताट घेऊन इथंच येईल.

सर्जेराव म्हणाले की मी आलो नव्हतो, सांगितलं ना.

मी त्यांना विचारलं, होडी तुम्ही आणली तेव्हा कुठल्या रंगाची होती? हिरवी, ते म्हणाले. आज बघितली तेव्हा? पांढरी. मग राखाडी कधी बघितली? राखाडी प्रायमर तुम्ही गेल्यावर चढला आणि आज सकाळी पांढऱ्याखाली झाकला गेला. तुम्ही नुसती बघितली नाही, तिच्यावर हातही ठेवला. हात घसरत होता, हे मघाशी तुम्हीच सांगितलंत.

सर्जेरावांनी भाऊजींकडं बघितलं, आणि शेडमधले सगळेच भाऊजींकडं बघायला लागले. कुलपाची एक चावी सम्यककडं होती, तो नागपुरात. दुसरी भाऊजींच्या कमरेला.

भामाबाईच आधी बोलल्या. त्यांना काही लपवायचं आहे हेच त्यांना नीट समजलेलं नव्हतं.

"दसऱ्याच्या सकाळी आलो ना आम्ही. दादांनी कुलूप उघडून दिलं. मी टोकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, फूल वाहिलं, दिवा लावला. तर दादा म्हणले, अहो हे काय केलं, पेंटर माझ्यावर चिडंल, पुसून टाका आधी. आन् हे दोघं नारळ फोडायला बाहेर गेले. मी पुसलं. पाण्यानं पसरलं असतं, म्हणून दिव्याचं तेल फडक्यावर घेतलं. डाग म्हणून राहिला नाय. दादांनी सांगितलं व्हतं, पेंटरला कळू देऊ नका, म्हणून आम्ही बोललो नाय."

भामाबाई एकेकाच्या तोंडाकडं बघत होत्या. मग त्यांची नजर होडीकडं गेली, त्या अर्धगोल खड्ड्यांकडं, आणि त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पुसायला सांगितलं ते बाईनं पुसलं होतं, तेही मन लावून.

भाऊजींना तेलाचं ठाऊक नव्हतं, हे मी मान्य करते. ते नारळ फोडून आत आले, डाग दिसला नाही, विषय संपला. पण कुलूप उघडलं होतं हे त्यांना ठाऊक होतं. आज सकाळी सम्यकनं तेवढा एकच प्रश्न विचारला होता. खरं सांगितलं असतं तर त्यानं होडी पुन्हा थिनरनं पुसली असती आणि हे काहीच झालं नसतं. भाऊजी खोटं बोलले. का, तर पुसण्यात अर्धा दिवस जाईल आणि सम्यक चार शब्द ऐकवेल. मग रंग फुटला, आणि आपलं खोटं आठवायच्या आधी त्यांना सम्यकचा सूड आठवला.

मी त्यांना त्या दोन्ही गॅरेजवाल्यांना तिथंच, सगळ्यांसमोर परत फोन लावायला लावले. लावले त्यांनी. दोन्ही वेळा आवाज इतका बारीक होता की पलीकडच्यानं काय म्हणालात असं विचारलं. मी त्यांना पुन्हा बोलायला लावलं.

६

इथं खरं तर माझं काम संपलं होतं. घरी जाऊन चहा सांडलेला गॅस पुसायचा होता.

सर्जेराव चांगले निघाले. त्यांनी सम्यकपुढं हात जोडले आणि भलतंसलतं बोललो, मनावर घेऊ नको, असं सरळ म्हणाले. सम्यकनं त्यांचे हात धरून खाली केले. होडी नीट करून देतो म्हणाला. टोकाचा रंग काढावा लागेल, सगळं धुवावं लागेल, पण होईल.

भाऊजींना तेवढंच हवं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "चला, मिटलं," ते म्हणाले. "सम्यक, उद्या सकाळी पेपर मारायला घे."

"घेतो," सम्यक म्हणाला. "होडी झाली की मी जाणार, दादा."

भाऊजींना समजेना. मलाही क्षणभर समजलं नाही, खोटं कशाला बोलू. भाऊजी म्हणाले की आता कशाला जातोस, तू केलं नाहीस हे वहिनींनी सिद्ध केलं ना?

सम्यक गन उघडून धूत होता. नोझल काढून त्यातून थिनर सोडत होता. मान वर न करताच तो बोलला.

"सिद्ध करायला लागलं. कृष्णाचा डबा सापडला, तर तुम्ही म्हणालात, चुकून झालं असेल. भामाताईंनी पुसलं, तर म्हणालात, मिटलं. मी इथंच काम शिकलो दादा, तुमच्या हाताखाली. एवढ्या वर्षांत माझ्या वाट्याला एकदाही 'चुकून' आलं नाही."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, भाऊजींना उलट ओरडता तरी आलं असतं. कृष्णा उठून बाहेर निघून गेला. मला तिथं उभं राहवेना आणि निघताही येईना.

होडी झाली. सम्यकनं ती अशी केली की सर्जेराव न्यायला आले तेव्हा तिला हात लावू की नको असं करत होते. भामाबाई सोबत आल्या नव्हत्या. होडी टेंपोत चढली, दोऱ्या आवळल्या गेल्या, टेंपो गेला. सम्यकनं हातपाय धुतले, कपडे बदलले, मला येतो म्हणाला आणि गेला. हर्सूलला एका ओळखीच्याच्या जागेत त्यानं स्वतःचं काम सुरू केलं, असं नंतर कृष्णाकडून कळलं.

आठवडाभरानं भाऊजी माझ्या दारात. दुपारी, माझ्या झोपेच्याच वेळेला. नवा ठेवलेला पेंटर दारू पितो, एक बोनेट खराब केलं, गिऱ्हाइकं सम्यक कुठं गेला म्हणून विचारतात. तुमचं तो ऐकतो वहिनी, तुम्ही जाऊन त्याला समजवा.

मी म्हणाले, तुम्ही स्वतः जा.

ते चप्पल काढू की नको करत पायरीवर उभे राहिले. पन्नाशी उलटलेला माणूस, तोंड इतकंसं झालेलं. दया येत होती आणि त्या दयेचाही मला वैताग येत होता.

"पण जाऊन त्याला म्हणू काय?" त्यांनी विचारलं.

"भाऊजी, शोधून देण्यासारखं होतं ते मी शोधून दिलं," मी म्हणाले. "हेसुद्धा मीच सांगायचं का?"

आणि दार लावून घेतलं. आत येऊन आडवी झाले, पण झोप काही लागली नाही. बऱ्याच वेळानं पायरीवरून चपलांचा आवाज आला, मग त्यांची मोटारसायकल सुरू झाली. ती गॅरेजच्या फाटकाशी न थांबता सरळ हर्सूलकडं जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागली, एवढं मला आवाजावरून कळलं.